मे महिन्यातली पिकनिक: आधी सावली शोधा, मग ठिकाण

दरवर्षी एप्रिलच्या शेवटी आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज पडतो, "मुलांच्या परीक्षा संपल्या, आता सगळे कुठेतरी जाऊया ना", आणि मग पुढचे आठ दिवस नुसते अंगठे. कुणी कोकण म्हणतं, कुणी महाबळेश्वर, एखादा मामा म्हणतो शेतावरच जाऊ, आणि शेवटी काहीच ठरत नाही किंवा मग आदल्या रात्री घाईघाईत ठरतं आणि भर उन्हात पोपट होतो. आमचा झालाय. तीन वर्षांपूर्वी आम्ही सोळा जण एका धरणाच्या बॅकवॉटरला गेलेलो, फोटोत पाणी अगदी काठाला टेकलेलं, पण ते फोटो ऑक्टोबरमधले होते हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मे महिन्यात पाणी पार आत गेलेलं, मधे अर्धा किलोमीटर भेगाळलेला गाळ, झाड म्हणाल तर एक बाभूळ आणि तिच्याखाली आमच्या आधी येऊन बसलेल्या दोन म्हशी. खोबऱ्याची चटणी आंबली, काकांना गरगरायला लागलं, आणि दीड वाजता सगळे गाडीत एसी लावून डबे खात बसलो. हे घरी पण करता आलं असतं.

तेव्हापासून प्लॅनिंग माझ्याकडे आलं (आलं म्हणजे ढकललं गेलं) आणि मी एकच गोष्ट धरून चालते. उन्हाळी पिकनिक म्हणजे सकाळी अकरा ते दुपारी चार हे पाच तास. सकाळ आणि संध्याकाळ आपोआप छान जाते, ती कुठेही छान जाते. हे मधले पाच तास सोळा-अठरा माणसं, त्यात दोन म्हातारी आणि चार पोरं, कुठे बसणार, काय पिणार आणि बाथरूमला कुठे जाणार, याचं उत्तर मिळालं की अर्धं काम झालं.

उदाहरण म्हणून गेल्या वर्षीची आमची वाईची सहल सांगते, कारण ती जमली. पुण्याहून वाई साधारण 90 किलोमीटर, खंबाटकी घाट चढून पलीकडे उतरलं की सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं. आम्ही पहाटे साडेपाचला निघालो, म्हणजे ग्रुपवर पाच सांगितलेलं, तुम्ही पण नेहमी अर्धा तास आधीची वेळ सांगा. आठच्या आत वाईत. कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीचं दर्शन, तिथेच पायऱ्यांवर बसून थर्मासमधला चहा आणि घरून नेलेले वडे, आणि मग जवळच तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा तिथे आहे, लाकडी माड्या, भिंतींवरची जुनी चित्रं, आणि मागे उतरत जाणारा दगडी घाट. तिथल्या देवळापाशी एक मोठी घंटा टांगलेली आहे, ती वसईच्या किल्ल्यातून आलेली, 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हाची. पोरांना वाड्यात फार रस नव्हता पण घंटा पोर्तुगीजांची आहे म्हटल्यावर सगळी तिच्याभोवती जमली. हे सगळं साडेदहापर्यंत उरकलं, आणि अकराच्या ठोक्याला आम्ही ओळखीतल्या एकांच्या शेतावर आंब्याच्या झाडाखाली सतरंज्या टाकलेल्या होत्या. साडेचारला तिथून उठलो, पसरणीचा घाट चढून पाचगणी, टेबललँडवर वारा खाल्ला, आणि रात्री साडेनऊला घरी. म्हणजे बघा, फिरायच्या जागा सकाळी आणि संध्याकाळी, दुपार एकाच जागी. दुपारी गाडीतून हिंडायचं नाही हा नियम.

जागा शोधताना काय बघायचं ते सांगते. झाड कुठलं आहे ते विचारा, हसू नका. वड, पिंपळ, आंबा, चिंच, करंज यांची सावली गर्द. गुलमोहर मे महिन्यात दिसतो झकास पण सावली विरळ. बाभूळ आणि निलगिरीबद्दल बोलूच नका. दुसरं म्हणजे सावली सरकते. पुण्याच्या आसपास 13-14 मेला शून्य सावलीचा दिवस असतो, म्हणजे दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर, आणि सगळ्या महिन्यातच साधारण हीच तऱ्हा, तेव्हा सावली बुंध्याभोवती गोळा होते आणि नंतर पूर्वेकडे लांबत जाते. त्यामुळे सतरंजी बुंध्याच्या पूर्वेच्या बाजूला टाका, नाहीतर जेवण झाल्यावर डुलकी लागली की दोन वाजता तोंडावर ऊन आणि सगळं बाडबिस्तर उचलायची वेळ. टाकायच्या आधी एकदा वर बघा, मोठ्या झाडांवर आग्या मोहोळ असतं. असेल तर चुपचाप दुसरं झाड गाठा, धूर करायचा नाही, पोरांना दगड मारू द्यायचे नाहीत, आणि अत्तर-सेंट मारून येणाऱ्यांना पण जरा लांबच बसवा.

आणि टॉयलेट. याबद्दल कुणी बोलत नाही पण आयाबायांची निम्मी सहल यातच खराब होते, पाणीच पीत नाहीत बिचाऱ्या, आणि मग संध्याकाळी डोकं धरून बसतात. जागेच्या मालकाला सरळ विचारा, टॉयलेट आहे का, पाणी येतं का, कमोड आहे का, आणि व्हॉट्सअॅपवर फोटो मागवा. गुडघेदुखीवाली आत्या बरोबर असेल तर कमोडचा प्रश्न झाडाच्याही आधी. हल्ली बऱ्याच गावांत शेतकरी दिवसभरासाठी जागा देतात, चुलीवरचं जेवण पण सांगता येतं, ओळखीतून शोधलं तर सापडतं. फक्त फोटो कुठल्या महिन्यातले ते विचारा.

तारखेचं म्हणाल तर शक्य असेल तर मधला वार धरा. मुलांना सुट्टीच असते, मोठ्यांनी एक रजा टाकायची. रविवारी संध्याकाळी खंबाटकीपासून खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत जे रांगायला लागतं त्यात दिवसभराची मजा वाफ होऊन जाते. अजून एक, कालनिर्णय काढून लग्नाच्या तिथी बघा, कारण मे म्हणजे लग्नांचा महिना, दाट मुहूर्त असला की टेम्पो ट्रॅव्हलर मिळत नाही आणि मिळाली तर भाव विचारू नका. जायच्या चार दिवस आधीपासून हवामान खात्याचा अंदाज बघत राहा. उष्णतेच्या लाटेचा ऑरेंज अलर्ट असेल तर सरळ पुढे ढकला, त्यात कमीपणा नाही.

गाडी ठरवताना टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता धरून किती ते एकदाच विचारून मेसेजमध्ये लिहून घ्या, आणि एसी घाटात पण चालू ठेवणार का हे पण. सतरा सीटरमध्ये अठरा माणसं आणि वर ताटल्या-पातेली असं कोंबू नका, गरमीत भांडणं होतात. जेवणात ड्रायव्हरदादांचं ताट आपल्यातच धरायचं.

पैसे आधी. मी ठिकाणासाठी फक्त दोन पर्याय देऊन पोल टाकते, दोन दिवसांची मुदत, ज्यानं मत दिलं नाही त्याची तक्रार ऐकली जात नाही, आणि माणशी 500 रुपये यूपीआयवर आले की नाव पक्कं. पैसे आल्यावर माणसं गळत नाहीत हे अनुभवाने सांगते. लहान मुलं अर्धी धरायची का यावरून वाद होणारच, तो गाडी ठरायच्या आधी होऊ द्या.

आता खाणं, ज्यासाठी खरं तर सगळे येतात.

पहिली चूक म्हणजे "प्रत्येकाने काहीतरी आणा". मग पाच घरांतून पाच प्रकारचे चिवडे येतात आणि पोळी एकाच घरातून. प्रत्येक घराला एक पदार्थ नेमून द्या, आणि ज्याला स्वयंपाकाचा कंटाळा त्याला बर्फ, पाणी आणि पत्रावळी द्या. दुसरी चूक, गरम गरम डबा बंद करणं. आत वाफ धरते, पाणी सुटतं आणि बारा वाजेपर्यंत भाजीला वास. बटाट्याची सुकी भाजी चालेल, पण कांदा-खोबरं न घालता, ताटात पसरून पूर्ण गार करून मग भरा. पनीर, मेयोनीजचं सँडविच, ओल्या खोबऱ्याची चटणी, घरून कापून आणलेली फळं, हे सगळं हिवाळ्यासाठी ठेवा. बर्फाची पेटी नसेल तर श्रीखंड पण नको, मला वाईट वाटतंय सांगताना.

टिकणारं काय, तर आपल्या आज्यांनी एसटीच्या प्रवासासाठी जे शोधून काढलं तेच. दशम्या, म्हणजे पाण्याऐवजी दुधात कणीक भिजवायची, थोडं जास्त तेल, दुसऱ्या दिवशी पण मऊ राहतात. तिखटमिठाच्या पुऱ्या. धपाटे. बरोबर शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, ठेचा, आणि पोरांसाठी गुळांबा नाहीतर साखरांबा. कैरी-कांद्याचा तक्कू घरून कालवून नेऊ नका, पाणी सुटतं, कैरी आणि गूळ-तिखट वेगळं न्या आणि कांदा तिथेच किसा, एवढ्याने पंगतीत जान येते.

दहीभाताची एक युक्ती आहे, ती मला सासूबाईंनी दिली. दही घालून भात नेला की दुपारी आंबट ढाण होतो. त्याऐवजी सकाळी निघायच्या आधी मऊ भात घोटायचा, कोमट झाला की भरपूर कोमट दूध घालायचं आणि विरजणाचं जेमतेम एक चमचा दही, मीठ नंतर. दूध जास्त वाटेल, वाटू दे, भात पितो. प्रवासात तो आतल्या आत लागतो आणि एक वाजता झाकण काढलं की गोडसर, ताजा दहीभात. फोडणी एका छोट्या डबीत वेगळी, मोहरी, हिंग, सुकी मिरची, आणि वर कोथिंबीर तिथे गेल्यावर. मात्र एकदा उघडला की संपवायचा, संध्याकाळसाठी उरवायचा नाही.

पन्ह्याचा अर्क करून न्या. कैऱ्या उकडून गर काढायचा, दीडपट-दुप्पट गूळ, वेलदोडा, मीठ, बरणीत भरायचं आणि तिथे एकाला चार पाणी घालून वाटायचं, अठरा माणसांचं पन्हं एका किलोच्या बरणीत मावतं. कोकमाचं आगळ असेल तर तेही असंच, फक्त आगळात आधीच मीठ असतं हे लक्षात ठेवा, आमच्या वहिनींनी वरून परत घातलं होतं, सगळ्यांनी कसंतरी तोंड करून प्यायलं.

कलिंगड अख्खं न्या. ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत वाऱ्यावर ठेवलं आणि गोणपाट वाळू दिलं नाही की तीन-चार तासांत बऱ्यापैकी गार होतं, बर्फ लागत नाही. आंबे बादलीत पाण्यात तासभर बुडवून ठेवायचे. हापूस कापायचा, फोडी मोजायच्या, कुणाला जास्त गेल्या ते बघायचं, यापेक्षा पिकनिकला रायवळ बरा, पिळायचा, देठ काढायचा आणि चोखायचा, सुरी नाही ताटली नाही, मग पोरांना पंपाखाली उभं करून धुऊन काढायचं. साली आणि कोयी गोळा करून गुरांना द्या, पण आधी मालकाला विचारून.

पाणी माणशी तीन लिटर धरा. जास्त वाटतं पण दिवसभरात लागतं. अठरा जणांना 54 लिटर, म्हणजे 20 लिटरचे तीन जार, हात धुवायचं पाणी वेगळं. आदल्या रात्री आठ-दहा बाटल्या पाऊण भरून फ्रीझरमध्ये टाका, गच्च भरलेली बाटली फुगते, सकाळी त्या डब्यांच्या पिशवीत ठेवल्या की बर्फाचं काम करतात आणि दुपारी पाणी म्हणून प्यायला. नुसतं पाणी पुरत नाही, मीठ पण जातं. ओआरएसची पाकिटं ठेवा आणि किती पाण्यात घालायचं ते पाकिटावर वाचा, एक लिटरवालं पेल्यात ओतू नका. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

ज्येष्ठांवर एक डोळा ठेवायचा. डोकं दुखतंय, मळमळतंय, सकाळपासून लघवीलाच गेले नाहीत असं असेल तर सावलीत आडवं करा, ओलं फडकं, वारा, घोट घोट पाणी. पण कुणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग भाजतंय, शुद्ध हरपतेय, तर "जरा पडू दे त्यांना" म्हणू नका, पाणी तोंडात ओतू नका, अंगावर पाणी मारत 108 ला फोन करा. बीपीच्या, शुगरच्या गोळ्या ज्यांच्या त्यांच्याकडे, इन्सुलिन असेल तर गार पिशवीत, गाडीत नाही. बंद गाडीत झोपलेलं पोर "पाच मिनिटांसाठी" सुद्धा सोडायचं नाही.

नदीचं थोडं स्पष्ट लिहिते. मे महिन्यात पाणी कमी दिसतं आणि तिथेच गफलत होते, मधे डोह असतात ते वरून कळत नाहीत, पायऱ्यांवर शेवाळ, आणि वाईच्या वरच्या अंगाला धोमचं धरण आहे, पाणी सोडलं की पातळी वाढते. आमच्याकडे नियम आहे, पाय बुडवायचे तर खालच्या पायरीवर बसून, पोहणं नाही, कितीही मोठा पोहणारा असला तरी. पोरं रुसतात. शेतावर पाइप लावून भिजवलं की विसरतात.

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात वळवाचा भरवसा नसतो, दुपारी चारला आभाळ भरून येतं. आणि इथे मी वर सांगितलेलं सगळं उलटं, गडगडायला लागलं की झाड सोडायचं, सामान तसंच टाकून गाडीत नाहीतर पक्क्या घरात जायचं. भिजलेल्या सतरंज्या वाळतात.

कोकणात समुद्रावर जाणार असाल तर भरती-ओहोटी बघा. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास भरती असते आणि रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, तेवढ्यावरून अंदाज येतो, बाकी गावात कोळी मंडळींना विचारा आणि ते नको म्हणाले की नको. दुपारी वाळूवर पाय ठेववत नाही, सुरूचं बन असलेला किनारा निवडा. आणि नागपूर-चंद्रपूरकडच्या वाचकांनो, तुम्ही वरचं अकरा ते चारचं गणित वाचून हसत असाल, तुमच्यासाठी सरळ संध्याकाळची सहल, पाचला निघायचं, पौर्णिमेच्या आसपासचा दिवस धरायचा, चांदण्यात जेवायचं.

दुपारी जेवणानंतर एक तास कुणीही कुणाला काही करायला लावायचं नाही. तो ग्रुपमधला उत्साही माणूस असतो ना, "चला चला गेम खेळू", त्याला तीनपर्यंत आवरा. मग बसून खेळायचं, झब्बू, मेंढीकोट, बदाम सात, हाउसीची तिकिटं घरूनच करून न्या आणि बक्षीस म्हणून दहा-दहाच्या नोटा, म्हातारी माणसं सुद्धा उठून बसतात. भेंड्यांना पर्याय नाही. साडेचारला ऊन उतरलं की लगोरी. लगोरीला रबरी चेंडूच न्या, आमच्याकडे टेनिसचा होता, मामांच्या चष्म्यावर बसला.

सामानात लोक विसरतात त्या गोष्टी: मीठ, सुरी, आगपेटी नाही पण टॉर्च, जुनी वर्तमानपत्रं, दोन घडीच्या खुर्च्या ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी, साबण, दोरी, जास्तीचे टॉवेल, पोरांचे दोन जोड कपडे, बँडेज, आणि एक रिकामं पोतं कचऱ्यासाठी. थर्माकोलच्या प्लेटा नकोत, महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे, पत्रावळी-द्रोण घ्या. आगपेटी का नाही, तर वाळलेल्या गवतात चूल पेटवायची हौस येते आणि वणवा लागायला एक ठिणगी पुरते. चहा थर्मासमध्ये.

निघताना अजून एक. सगळे डबे, झाकणं, चमचे सतरंजीवर मांडून एक फोटो काढा आणि ग्रुपवर टाका. आमच्या घरात अजून एक स्टीलचा तीन पुडाचा डबा आहे जो कुणाचा हे दोन वर्षं झाली तरी कुणी सांगत नाहीये, आणि माझं निळ्या झाकणाचं मोठं पातेलं कुणाकडे आहे हे मला माहितीये पण मी बोलत नाही.